डुकराची जड गोळी

मध्यंतरी नातू मोबाइल घेऊन ओट्यावर पसरला होता आणि मी शेजारी सूप घेऊन तांदूळ पाखडत होते. आवाज इंग्रजी होता, त्यामुळे माझं लक्ष नव्हतं; पण मध्येच बार ऐकू आला आणि मान आपोआप वर झाली. कुठल्याशा थंड मुलखातला एक दाढीवाला माणूस टेबलावर रायफलच्या गोळ्या ओळीने मांडून बसला होता. एकेक उचलायचा, काट्यावर ठेवायचा, काहीतरी सांगायचा. नातू म्हणाला, "आजी, हरणाला कुठली गोळी आणि रानडुकराला कुठली, ते सांगतोय हा. डुकराला जड लागते म्हणे." मी म्हटलं, "म्हणे काय? जडच लागते. हलकी गोळी डुकराच्या खांद्यावर फुटते." नातू हसायला लागला. त्याच्या आजीचं सगळं आयुष्य जामसरच्या अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढण्यात आणि त्यांची वजनं करण्यात गेलेलं. तिला गोळीतलं काय कळणार, असं त्याला वाटलं. त्या दाढीवाल्याने काट्यावर जे पाहिलं ते मी सतरा वर्षांची असताना नारळाच्या करवंट्यांच्या तराजूत पाहिलं होतं, आणि माझा बा तर नुसत्या तळहातावर पाहायचा.

माझं माहेर सूर्यमाळचं. गावापासून लांब, उतारावर आमचा आठ-दहा घरांचा पाडा. आमचं घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, आत शिरताना वाकावं लागे असं. घरात बा, आई आणि मी. भाऊ नव्हता. दोन झाले होते, ते राहिले नाहीत, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. घराखाली थोडं भात, आणि वरच्या उतारावर नागली. नागली हेच आमचं खरं अन्न. सकाळी नागलीची आंबील, दुपारी भाकर आणि उडदाचं बेसन, बाजार झाला असेल तर चुलीत भाजलेला सुका बोंबील. बोंबील भाजला की त्याचा वास शेजारच्या तिन्ही घरांना जाई आणि मग कुणीतरी "काय शिजवलंस गं" म्हणत दारात उभं राही. आई हातातला अर्धा बोंबील मोडून देई आणि ते माणूस गेलं की मला म्हणे, "वास तेवढा आपला."

पाड्यावर बंदुका दोनच. एक पाड्याचा पुढारी असलेल्या कारभाऱ्याची आणि एक आमची. दोन्ही ठासणीच्या, आधी दारू, मग चिंधी, मग गोळी, आणि गज घालून वरून ठासायचं. परवाना पिकाच्या राखणीचा होता. त्या बंदुकीने कधीमधी भेकर, म्हणजे लहान हरीणही, पडायचं, हे आता लिहायला हरकत नाही, पाडणारे सगळे गेले. शिकारबंदीचा कायदा झाला ते बरंच झालं. पण तेव्हा डुकरांचा कळप एकदा नागलीत शिरला की घराची सहा महिन्यांची भाकर जायची, आणि डुक्कर हाकाटीला भीत नाही. आमच्याकडे बंदूक आणि वरचा उतार ही एकाच हाताची वस्तू होती. राखण करील त्याने पेरायचं, आणि राखण बंदूकवाल्याने करायची. म्हणून बंदूक कुणाला मिळणार हा प्रश्न म्हणजे शेत कुणाला मिळणार हाच प्रश्न होता. माझ्यापुरता त्याचा अर्थ असा, की बंदूक माझ्याकडे आली तर मी घरजावई आणून आईबाजवळ राहीन, नाही आली तर कुठल्यातरी गावाला जाईन.

बाईने बंदुकीला हात लावला की बंदूक आंधळी होते, असं पाड्यावर मानत. गोळ्या ओतणं मात्र बायकांचं. का, तर ते चुलीवरचं काम! पुरुषांनी सोयीच्या गोष्टी कशा वाटून घेतल्या होत्या ते पाहून मला आज हसू येतं. आई दम्याची, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. लोखंडी पळीत शिसं ठेवायचं, खैराच्या निखाऱ्यावर ते वितळलं की वरची राख कडेला सारायची, आणि चिमट्यासारख्या साच्यात एका धारेत ओतायचं. साचा आधी तापवून घ्यायचा. थंड साच्यात किंवा अर्धवट तापलेलं शिसं ओतलं, की गोळी वरून गोल दिसते पण पोटात पोकळी राहते. हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. गोळी गार पाण्यात पडली की 'चर्र' असा बारीक आवाज येई. मग एकेक करवंटीच्या तराजूत टाकायची. एका बाजूला आज्याच्या वेळची एक गोळी, ते आमचं माप. मापाला भरली ती डुकराची. थोडी कमी भरली ती भेकराची, कारण भेकराचं अंग मऊ, त्याला तीही पुरते. फारच हलकी झाली ती परत पळीत.

"भेकराला टोचलं तरी पुरं," बा सांगायचा. "डुकराचं तसं नाय पोरी. ऐनाच्या खोडाला खांदा घासघासून त्यानं कातडं दगड केलेलं असतं. हलकी गोळी थापकन बसते आनि तिथंच फुटते. मग डुक्कर मरत नाय, चिडतं."

"आनि जड?"

"जड हळू जाते. पन आत जाते."

जनावर पडलं की त्याच्या अंगातली गोळी काढून ज्याच्या घरची असेल त्याला परत द्यायची, अशी रीत होती. ज्याची गोळी त्याला मुंडकं आणि मागची एक तंगडी, बाकीचं घरागणिक सारखं. परत आलेली गोळी पुन्हा पळीत जायची, त्यामुळे आमच्या घरातलं शिसं किती जनावरांतून फिरून आलं होतं कोण जाणे. वाद झाला तर गोळी बाच्या तळहातावर ठेवत. चेपलेली, वाकडी झालेली, कशीही असो, बा डोळे मिटायचा, हात जरा वरखाली करायचा आणि सांगायचा, ही कारभाऱ्याची, ही आमची. कारभाऱ्याच्या बंदुकीची नळी बारीक, तिची गोळी हलकी. बाच्या शब्दावर कुणी तराजू मागत नसे. मला त्या हाताचा इतका अभिमान होता की शाळेत कुणी बापाचं काम विचारलं तर मी शेती न सांगता "वजन ओळखतो" असं सांगायचे.

त्या वर्षी बाच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. लावणी ऐन भरात असताना एक दिवस तो चिखलातून हात धुऊन उठला आणि डोळे दाखवायला म्हणून जीपने जव्हारला गेला. येताना माझ्यासाठी गूळशेव आणली. डॉक्टर काय म्हणाला विचारलं तर म्हणाला, "म्हातारपन म्हनाला." त्यानंतर चारच दिवसांनी, आम्ही दोघं बांधावर बसून भाकर खात असताना, त्याने मला एक शब्द दिला.

"जानी, मना आता माशी दिसत नाय बंदुकीची, नेम धरता येत नाय. तू बसशील राखनीच्या माळ्यावर?"

मला वाटलं मस्करी करतोय. "बंदूक आंधळी होईल ना," मी म्हटलं.

"मीच आंधळा झालो, ती आनखी काय होईल!" मग त्याने भाकर खाली ठेवली. "कुनाला सांगू नको. डुक्कर पाड. ह्या सालाला एक डुक्कर तुज्या हातानं पडलं का बंदूक तुजी. मी कचेरीत सायबाला सांगेन, मना पोरगा नाय, पोरगी हाय."

ते वाक्य मी किती वेळा मनात घोळवलं असेल! लावणीत वाकून वाकून पाठ मोडायची आणि मी आपली आनंदात. पुढचे दोन महिने बाने मला शिकवलं. गज कसा घालायचा, खांद्याला फडकं कुठे लावायचं, श्वास कधी धरायचा. नागली कणसावर आली तेव्हापासून आम्ही दोघं माळ्यावर बसायला लागलो. लोकांना वाटे सोमा, म्हणजे माझा बा, पोरीला सोबतीला नेतो. गोळ्या मी ओतलेल्या, आणि दहांतून निवडलेली एकच मी कमरेच्या गाठीत बांधून नेत असे.

ते डुक्कर उजाडता उजाडता आलं. एकटंच, मोठं, नर. धुकं नागलीच्या कणसांवर टेकलेलं होतं आणि त्यातून नुसता मचमच खाण्याचा आवाज येत होता. शेजारच्या उतारावर माझा चुलतभाऊ देवराम कारभाऱ्याची बंदूक घेऊन राखणीला होता. आधी त्याचा बार झाला. डुकराने मान वर केली आणि ते आडवं वळलं, खांदा माझ्याकडे करून. बा कानाशी म्हणाला, "धर श्वास." मी बार काढला. दणक्याने मी मागे बाच्या अंगावर पडले आणि धूर विरल्यावर पाहिलं तर डुक्कर ओढ्याकडे तीन पायांवर चाललं होतं. बा म्हणाला, "गेलं ते. जड बसली, आवाज ऐकला मी." त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

डुक्कर ओढ्यात मरून पडलेलं बायकांना सापडलं. तासाभरात सगळा पाडा जमला. देवराम म्हणत होता, माझी लागली. कारभाऱ्याने कोयत्याने खांदा उघडला. गोळी पार आत, बरगडीला टेकून चेपलेली, शर्टाच्या गुंडीसारखी सपाट. तिच्याकडे पाहून साचा ओळखता येईना. कारभाऱ्याने ती धुतली आणि रीतीप्रमाणे बाच्या हातावर ठेवली. मी गर्दीत मागे उभी होते. मला हसू आवरत नव्हतं. बाने डोळे मिटले. हात वरखाली केला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लावला.

"ही आमच्या घरची नाय," तो म्हणाला. "माजी चुकली. ही देवरामची."

आणि त्याने गोळी देवरामच्या हातावर ठेवली.

मी घराकडे वळले, तराजू आणायला. करवंट्या, आज्याचं माप, सगळं खुंटीला होतं. पळत गेले असते तर कांदा भाजेपर्यंत परत आले असते. आईने मनगट धरलं. दम्याची बाई, पण तिच्या बोटांचे वळ दोन दिवस राहिले. "नको," एवढंच म्हणाली. त्या दिवशी घरात डुकराचं मटण शिजलं, खुरासणीच्या तेलात, लाल तिखट घालून. मी खाल्लं. हे मुद्दाम लिहिते, कारण रागाने उपाशी राहिले असं सांगणं सोपं होतं. भूक होती आणि मी खाल्लं. बा म्हणाला, "लोकांत कसं सांगू पोरी, का पोरीनं पाडलं? पन माजा शब्द हाय." मला ते पटलं. लोकांची भीड असते माणसाला, असं मी स्वतःला समजावलं.

दिवाळीच्या सुमाराला देवराम कागद घेऊन आला. बा बाहेर गेला होता. देवराम मनाने वाईट नव्हता. मोठ्याने हसणारा, जरा बढाईखोर, कुणाचं लाकूड उचलायचं असलं की सगळ्यांत आधी पुढे होणारा. त्याला वाचता येत नव्हतं, पाड्यावर सातवीपर्यंत शिकलेली मीच. कचेरीतून कागद आला की तो माझ्याकडे येई, कुणाचाही असो. त्याने कौतुकाने घडी उलगडली आणि म्हणाला, "जानी, वाच बरं. माजं नाव नीट लिवलंय का बग."

बाच्या नावाने कचेरीला केलेला अर्ज होता. मी मोठ्याने वाचायला लागले. वयामुळे आणि दृष्टी गेल्यामुळे बंदूक माझा पुतण्या देवराम याच्या नावे करावी, तो उत्तम राखण करतो, त्याने रानडुक्कर मारलं आहे. शेवटची ओळ नंतर जोडलेली होती, शाई वेगळी होती. खाली बाचा अंगठा. अंगठ्याशेजारी तारीख. ती लावणीतली होती. गूळशेव आणली त्या दिवसाची.

म्हणजे बांधावर भाकर खाली ठेवून त्याने मला शब्द दिला तेव्हा अंगठा चार दिवसांचा वाळलेला होता. दोन महिने त्याने मला श्वास धरायला शिकवलं ते देवरामच्या अर्जात एक डुक्कर हवं होतं म्हणून. त्याला दिसत नव्हतं, देवरामचा नेम साधारण, आणि पोरीचा हात चांगला. मी वाचता वाचता थांबले. देवराम विचारत होता, "काय झालं? नाव चुकलं?" मी म्हटलं, "नाव बरोबर आहे." त्याने मला पेढा दिला. तो मी चुलीत टाकला. त्या क्षणी बाबद्दल जे वाटलं ते मी पुन्हा कुणाबद्दल वाटू दिलं नाही, नवऱ्याबद्दलही नाही, त्याने कारणं पुष्कळ दिली तरी. डोळ्यांचं निमित्त करून बंदूक सरळ देवरामला दिली असती तर मी रडून गप्प बसले असते. पण त्याने मला राबवून घेतलं, आणि वर शब्द दिला.

बाला मी काही विचारलं नाही. दोन दिवसांनी त्याने नेहमीसारखं सांगितलं, "देवरामला तीन गोळ्या ओत. आपली बंदूक आता त्याच्याकडं हाय. खळ्यावर डुक्करं येतात." ओतणं चुलीवरचं काम ना, ते माझ्याकडेच होतं. मी पळी ठेवली. शिसं पुरतं वितळायच्या आत उचललं. साचा तापवला नाही, पाण्यात बुडवून पुसून घेतला. तीन गोळ्या ओतल्या, राखेने घासून गुळगुळीत केल्या. तराजूत टाकल्या तेव्हा मापाची करवंटी खाली बसली आणि माझ्या गोळ्यांची वर लटकत राहिली. भेकरालाही दिल्या नसत्या अशा त्या होत्या. मी त्या देवरामच्या हातात मोजून दिल्या. मला त्याची फजिती हवी होती. डुकराने शेपूट हलवत निघून जावं आणि लोकांनी हसावं, एवढंच. चिडलेलं डुक्कर काय करतं हे मला बाने शिकवलेलं होतं, आणि ते मी आठवू दिलं नाही स्वतःला.

दिवस कलताना बार झाला. मग ओरडा. डुक्कर खांद्यावर गोळी खाऊन करवंदीच्या जाळीत शिरलं होतं, आणि देवराम थांब म्हणत असताना बा, ज्याला एव्हाना आपला हातही धड दिसत नव्हता, कोयता घेऊन आवाजाच्या मागे गेला होता. त्याला वाटलं, जड गोळी बसली आहे, आत मरूनच पडलं असणार. डुकराने त्याची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाडली. माणसांनी कुऱ्हाडींनी ते मारलं आणि बाला घोंगडीत घालून अंगणात आणलं. आई हळद दाबत होती, वरून फडकं बांधत होती, आणि मी पाणी तापवत होते. माझे दात वाजत होते.

कारभाऱ्याने डुकराचा खांदा उघडला. गोळी कातड्याखालीच होती, दोन तुकडे झालेली, आतून पोकळ, कवड्यांसारखी. त्याने ते तुकडे सगळ्यांना दाखवले. "ही कुनी ओतली?"

"जानीनं," देवराम म्हणाला. तो रडत होता. "देवाशपत, तिनं दिली तीच भरली मी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाने घोंगडीतून हात बाहेर काढला. "हिकडं आना," म्हणाला. कारभाऱ्याने तुकडे त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने डोळे मिटले, जरी आता मिटण्याची गरज नव्हती. हात वरखाली झाला. एकदाच. मग त्याने मान माझ्या दिशेला वळवली. मी कुठे उभी आहे ते त्याला कसं कळलं माहीत नाही. दातांचा आवाज ऐकला असेल.

"ही आमच्या घरची नाय," बा म्हणाला. "माज्या पोरीनं अशी गोळी कदी ओतली नाय. ह्यानं बाजारातून आनली असंल."

तळहाताच्या शब्दावर कुणी तराजू मागत नसे. देवराम खोटा ठरला. त्याने शपथा घेतल्या, कारभाऱ्याचे पाय धरले, पण पाड्याने त्याचं ऐकलं नाही. पुढे वर्षभरात तो भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला आणि बंदूक कचेरीत जमा झाली. उतार पडीक पडला. माझं लग्न जामसरला झालं. बा एक पाय ओढत आणखी सात वर्षं जगला. त्या दिवसाबद्दल तो माझ्याशी बोलला नाही आणि लावणीतल्या अंगठ्याबद्दल मी त्याच्याशी. माहेरी गेले की तो मला शेजारी बसवून माझ्या पोरांना एकेक करून हातावर उचलायचा आणि वजन सांगायचा. मी जामसरला गेल्यावर काट्यावर बघायचे. चुकायचा नाही.

माझी मुलगी म्हणते, त्याने शेवटी तुला वाचवलं ना, मग झालं की. नाही झालं. मला वाचवायला त्याने देवरामला बुडवलं, जसं देवरामला द्यायला मला बुडवलं होतं. दोन्ही वेळा त्याचा हात खरं सांगत होता आणि तोंड खोटं, आणि दोन्ही वेळा त्याला ते माहीत होतं. माझा अपराध मी कबूल करते, बाच्या मांडीचा घाव माझ्या हातचा आहे. पण बांधावरच्या त्या दुपारची माफी मी त्याला दिलेली नाही.

सासरी निघाले त्या दिवशी बाने माझ्या हातात चिंधीची एक लहानशी पुरचुंडी दिली आणि बोटं मिटवली. मला वाटलं आज्याचं माप असेल. जीप जव्हारच्या घाटात आली तेव्हा सोडून पाहिली. आत ते दोन पोकळ तुकडे होते. ते अजून माझ्याकडे आहेत, पत्र्याच्या डब्यात, पोरांच्या वजनाच्या जुन्या वहीखाली. मी पाडलेल्या डुकरातली जड गोळी देवरामच्या घरी गेली, आणि ती माझी होती असं सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.